घरी बनवलेल्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरवर चार सायकली कुठे आणि कशा बसवाव्यात?

रानवाट (डिचोली)

नमस्कार मंडळी. एकच ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) असलेल्या, घरी बनवलेल्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरवरून चार सायकली सुरक्षितपणे नेण्यासाठी त्या नेमक्या कुठे बसवाव्यात, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पावसाळा संपला की आम्हां चौघांना हा ट्रेलर घेऊन काणकोणकडे जायचे आहे. खोतीगाव आणि नेत्रावळीच्या परिसरातील आतल्या रस्त्यांवर सायकली चालवायच्या आणि मुक्काम ट्रेलरमध्ये करायचा, असा बेत आहे. त्यापूर्वी दिवाडी बेटावर एक छोटी फेरी करून सगळी व्यवस्था तपासून पाहायची आहे.

ट्रेलरची माहिती देतो. चौकट ४० × ८० मिलिमीटरच्या आयताकृती पाईपची असून तिच्यावर बारा मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायवुडची, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी झोपण्याची कॅबिन आहे. छत जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच आहे. ॲक्सल कॅबिनच्या बरोबर मध्याखाली असून चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे. स्प्रिंगचे पाटे आहेत, परंतु शॉक ॲब्सॉर्बर बसवलेले नाहीत. ॲक्सलपासून हिचच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडण्याच्या जोडाच्या, गोळ्यापर्यंतचे अंतर २.५ मीटर भरते. सामानासह ट्रेलरचे वजन ३४० किलो आहे, आणि पुढचे टोक घरातल्या वजनकाट्यावर टेकवले असता हिचवर ४० किलो भार येतो. गाडीला बसवलेल्या हिचच्या पट्टीवर कमाल भार ७५ किलो असा कोरलेला आहे. ट्रेलरची नोंदणी झालेली आहे.

सायकलींपैकी दोन मोठ्या असून प्रत्येकी साधारण १५ किलोंच्या आहेत. मुलांच्या दोन सायकली अनुक्रमे ११ आणि ९ किलोंच्या आहेत. म्हणजे सायकलींचेच वजन ५० किलो होते, आणि त्यांच्यासाठी बनवायच्या कॅरिअरचे वजन त्यात मिळवावे लागेल.

माझ्या मनात पहिला विचार आला तो मागच्या बाजूचा. कॅबिनच्या मागे चौकटीला दोन पाईप जोडून, त्यांवर चारही सायकली आडव्या ओळीने उभ्या करता येतील, चढवणे-उतरवणे सोपे होईल आणि गाडीचा मागचा दरवाजाही मोकळा राहील. भावाचे मत छताच्या बाजूने आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी पुढच्या दांड्यावर, म्हणजे कॅबिन आणि हिच यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, सायकली ठेवण्याचे सुचवले आहे. वेल्डिंग एकदा केले की बदलणे जिवावर येते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी विचारत आहे. प्लायवुडच्या छताला बोल्ट मारून कॅरिअर बसवल्यास ते टिकेल का, तेही कृपया सांगावे.

तरफ (फोंडा)

रानवाट यांस नमस्कार. आपण सगळी मापे दिली आहेत, त्यामुळे अंदाजाने बोलण्याऐवजी हिशेब करूनच उत्तर देता येते.

मागच्या बाजूला सायकली लावू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. कॅबिनचे मागचे टोक ॲक्सलपासून १.२ मीटरवर आहे. चार सायकली एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या तरी त्यांचा मध्य ॲक्सलच्या मागे साधारण १.६ मीटरवर येईल. सायकली ५० किलो आणि कॅरिअर १५ किलो धरले, तर ६५ किलोंचा भार १.६ मीटरवर असताना तो हिचवरून ६५ × १.६ ÷ २.५, म्हणजे सुमारे ४२ किलो भार उचलून घेतो. आपल्या हिचवर मुळात ४० किलोच आहेत. याचा अर्थ ट्रेलरचे पुढचे टोक गाडीला दाबण्याऐवजी वर उचलू लागेल. मागे ओझे जास्त झाल्याने बैलगाडी उलार झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे वेग ताशी साठ किलोमीटर असतो आणि वर उचलले जाते ते गाडीचे मागचे टोक, ज्याच्या चाकांची रस्त्यावरची पकड त्या क्षणी सर्वांत महत्त्वाची असते.

हिचवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अशा छोट्या ट्रेलरसाठी रूढ संकेत आहे. युरोपात तो याहून कमी ठेवतात, कारण तिकडच्या हिचच्या मर्यादा आणि वेगमर्यादा वेगळ्या आहेत. आपल्यासाठी १० टक्के ही खालची मर्यादा मानावी. भार त्याखाली गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागण्याची शक्यता वाढते. हे झुलणे एका ठरावीक वेगापर्यंत आपोआप शमते, पण त्या वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. ट्रेलरची मांडणी जितकी सदोष, तितका हा वेग कमी असतो.

येथे दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी, कारण पुष्कळ लोक फक्त हिचवरचा भार जुळवतात आणि काम झाले असे समजतात. मागे ६५ किलो लावून पुढे तेवढ्याच प्रमाणात काही जड वस्तू ठेवली, तर तराजू जुळेल, पण ट्रेलर सुधारणार नाही. उभ्या अक्षाभोवती वळण्याला ट्रेलर जो विरोध करतो, म्हणजे त्याचे जे जडत्व असते, ते वजनाच्या पटीत आणि अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. ॲक्सलपासून २० सेंटीमीटरवर ठेवलेल्या ६५ किलोंचे जडत्व नगण्य असते, आणि तेच ६५ किलो १.६ मीटरवर ठेवले तर ते चौसष्ट पट होते. असा ट्रेलर झुलायला सुरुवात करण्यास थोडा वेळ घेतो हे खरे, परंतु एकदा झुलू लागला की थांबता थांबत नाही. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात कार आणि ट्रेलर यांच्या स्थैर्यावर झालेल्या प्रयोगांतही हिचवरचा भार, हे जडत्व आणि ॲक्सलची जागा याच बाबी निर्णायक ठरल्या होत्या. म्हणून जड वस्तू ॲक्सलच्या जवळ आणि शक्य तितक्या खाली ठेवणे, हाच पहिला नियम आहे.

या नियमाचा पहिला भाग छत पाळते. छतावर ॲक्सलच्या २० सेंटीमीटर पुढे मध्य येईल अशा रीतीने चारही सायकली ठेवल्या, तर हिचवर फक्त ५ किलो वाढतात. ४०५ किलोंच्या ट्रेलरवर ४५ किलो, म्हणजे ११ टक्के, हे प्रमाण चांगले आहे. पण दुसरा भाग छत मोडते. ट्रेलरचा गुरुत्वमध्य आज जमिनीपासून ०.७ मीटरवर आहे असे धरू. छतावर उभ्या केलेल्या सायकलींचा मध्य सुमारे दोन मीटरच्या वर जाईल, आणि एकत्रित गुरुत्वमध्य जवळजवळ २२ सेंटीमीटरने वर सरकेल. त्यामुळे ट्रेलर वळणावर कलंडण्यास जो विरोध करतो, तो सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. करमल घाटातील वळणे हळू घेतली तर यात धोका नाही, परंतु अचानक गुरे आडवी आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावे लागले, तर हाच फरक निर्णायक ठरू शकतो. त्यातच मांडवीवरचा अटल सेतू किंवा जुवारीचा पूल ओलांडताना बाजूने येणारा वारा उंचावर ठेवलेल्या चार सायकलींवर आदळतो, हेही ध्यानात ठेवावे.

पुढच्या दांड्यावर चारही सायकली ठेवल्या, तर उलट अडचण होते. ६५ किलोंचा भार ॲक्सलच्या पुढे १.८ मीटरवर असताना हिचवर ४७ किलो वाढतात आणि एकूण ८७ होतात. आपल्या हिचची मर्यादा ७५ आहे.

म्हणून माझी सूचना विभागणीची आहे. दोन मोठ्या सायकली पुढच्या दांड्यावर ठेवाव्यात आणि मुलांच्या दोन हलक्या सायकली छतावर, ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवाव्यात. मोठ्या सायकली व त्यांचा छोटा कॅरिअर मिळून ३६ किलो धरले, तर हिचवर २६ किलो वाढतात. मुलांच्या सायकली आणि कॅरिअर मिळून २८ किलो धरले, तर जेमतेम २ किलो वाढतात. एकूण ६८ किलो होतात. ही गाडीच्या मर्यादेत बसणारी संख्या आहे, पण ४०४ किलोंच्या ट्रेलरसाठी ती जवळजवळ १७ टक्के आहे, म्हणजे थोडी जास्त. कॅबिनच्या पुढच्या भागात पाण्याचे कॅन किंवा बॅटरी ठेवत असाल, तर ते सामान ॲक्सलवर सरकवून हा भार कमी करता येईल. नेमके काय कुठे ठेवता, ते कळवावे.

रानवाट (डिचोली)

तरफ, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मागच्या कॅरिअरचा विचार मी सोडून दिला आहे. कॅबिनच्या पुढच्या कपाटात, ॲक्सलपासून साधारण एक मीटर पुढे, पाण्याचे ३० लिटरचे कॅन असतात. बॅटरी ॲक्सलवरच, बिछान्याखाली आहे. आपल्या रीतीने हिशेब केला, तर पाणी ॲक्सलवर आणल्याने हिचवरचे १२ किलो कमी होतात, म्हणजे ६८ चे ५६ होतात. हा हिशेब बरोबर आहे का? आणि हिचवरचा भार प्रत्यक्ष मोजण्यासाठी ट्रेलर खाणीकडच्या वजनकाट्यावर नेला तर चालेल का?

तरफ (फोंडा)

हिशेब बरोबर आहे. ४०४ किलोंवर ५६ किलो, म्हणजे जवळजवळ १४ टक्के. पाणी मात्र संपत जाते, त्यामुळे परतीच्या वाटेवर कॅन रिकामे असतील तेव्हा वजन कसे वाटले जाते, तेही एकदा पाहून ठेवावे. ॲक्सलवर ठेवलेले पाणी संपले तरी हिचवरचा भार बदलत नाही, हा या जागेचा आणखी एक फायदा आहे.

ट्रकसाठी असलेल्या वजनकाट्याचा उपयोग ट्रेलरचे एकूण वजन पाहण्यापुरता आहे. त्याची मोजण्याची पायरीच १० किंवा २० किलोंची असते, त्यामुळे हिचवरच्या ५० किलोंसाठी तो निरुपयोगी आहे. आपला घरातला वजनकाटाच योग्य. फक्त ट्रेलर सपाट जमिनीवर असावा, चाकांना ओंडके लावलेले असावेत, आणि काट्यावर लाकडाचा ठोकळा अशा उंचीचा ठेवावा की हिच गाडीला जोडलेली असताना जितक्या उंचीवर असते तितक्याच उंचीवर टेकेल. पुढचे टोक खाली झुकलेल्या स्थितीत मोजले, तर आकडा चुकीचा येतो. छतावर वजन असताना तर तो अधिकच चुकतो.

लोखंडकाम (साखळी)

नमस्कार. मी फॅब्रिकेशनचे काम करतो, त्यामुळे हिशेबाच्या पुढची, म्हणजे प्रत्यक्ष लोखंडाची बाजू सांगतो.

प्लायवुडच्या छताला नुसते बोल्ट मारून कॅरिअर बसवू नये. स्थिर उभ्या ट्रेलरवर वीस-पंचवीस किलो काहीच नसतात, पण शॉक ॲब्सॉर्बर नसलेला ट्रेलर खड्ड्यात आपटतो तेव्हा त्या जोडावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो, आणि तोही एकदा नव्हे तर रस्ताभर. प्लायवुडची भोके हळूहळू सैल होतात, त्यांतून पाणी आत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात थर सुटू लागतात. छतावर काही ठेवायचेच असेल, तर चौकटीपासून कॅबिनच्या बाजूने चार उभे खांब वर न्यावेत आणि छताच्या वर, छताला न टेकता, आडवी चौकट जोडावी. वजन लोखंडातून लोखंडात उतरले पाहिजे.

पाईपची निवड करताना वजनाचाही विचार करावा. २५ × २५ मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप मीटरला १.४ किलोंच्या आसपास भरतो, आणि ४० × ४० चा तेवढ्याच जाडीचा पाईप मीटरला २.४ किलो भरतो. भीतीपोटी सगळीकडे मोठा पाईप वापरला, तर कॅरिअरच सायकलींइतका जड होतो. दांड्यावरच्या कॅरिअरसाठी मुख्य दोन आडवे पाईप ४० चे घ्यावेत आणि बाकी सर्व २५ चे पुरेसे आहेत. जेथे उभा पाईप आडव्याला मिळतो, त्या कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी अवश्य लावावी. अशा कामात तडा पाईपच्या मध्यावर न जाता वेल्डिंगच्या कडेला जातो, आणि तो रंगाखाली असल्यामुळे लवकर दिसत नाही.

ट्रेलरच्या दांड्याला कॅरिअर वेल्ड करण्यापेक्षा यू-बोल्ट आणि जाड पट्टीने आवळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दांडा हा संपूर्ण ट्रेलरचा सर्वांत ताणलेला भाग असतो. त्याच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागावर आडवे वेल्डिंग केले अथवा भोक पाडले, तर नेमकी तेथेच कमजोर जागा तयार होते. शिवाय यू-बोल्टने बसवलेला कॅरिअर पुढे-मागे सरकवून हिचवरचा भार जुळवता येतो आणि सायकली न्यायच्या नसतील तेव्हा काढूनही ठेवता येतो. बोल्ट १० मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे (मजबूत पोलादाचे) आणि नायलॉक नटाचे, म्हणजे आत नायलॉनचे कडे असल्याने सहज सैल न होणाऱ्या नटाचे, घ्यावेत.

गॅल्व्हनाइज्ड पाईप वापरणार असाल, तर वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर ग्राइंडरने पूर्ण काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. साधा पाईप वापरला, तर उघडी टोके बंद करून खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी छोटे भोक ठेवावे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्राकाठी हवेत मीठ असते, त्यामुळे पाईप बाहेरून जितका गंजतो त्यापेक्षा आतून अधिक गंजतो. जस्तयुक्त प्रायमरचा एक हात आणि त्यावर इपॉक्सी रंग दिल्यास नुसत्या रेड ऑक्साइडपेक्षा पुष्कळ अधिक टिकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाईप कापण्यापूर्वी बांबूची परीक्षा घ्यावी. मोठी सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. तेवढ्याच लांबीचा बांबू दांड्यावर, जेथे पुढची सायकल येणार आहे त्याच ठिकाणी आणि त्याच उंचीवर, आडवा बांधावा. मग मोकळ्या मैदानात कोणाला तरी बाहेर उभे करून गाडी अतिशय हळू मागे घ्यावी आणि वळवत न्यावी. कोणत्या कोनाला बांबूचे टोक गाडीच्या कोपऱ्याला लागते, ते पाहावे. दांडा आखूड असलेल्या ट्रेलरवर रस्त्यावरच्या वळणात सहसा काही होत नाही, पण अरुंद जागेत मागे घेताना सायकलीचे चाक गाडीच्या मागच्या काचेत जाऊ शकते. गाडीचा मागचा दरवाजा पूर्ण उघडतो का, तेही त्याच वेळी तपासावे.

हंबरणारी चाके (पणजी)

दोन लहान मुद्दे जोडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, आणि त्याची नोंदणी ज्या स्वरूपात झाली त्यात कायमचा बदल करायचा असेल, तर कलम ५२ लागू होते. लोखंडकाम यांनी सुचवलेला, यू-बोल्टने आवळलेला आणि काढता येणारा कॅरिअर या दृष्टीनेही वेल्ड केलेल्या कॅरिअरपेक्षा बरा, तरीही काम करण्यापूर्वी आपल्या भागातील वाहतूक कार्यालयात विचारून घेणे श्रेयस्कर. सायकली मागे नसल्यामुळे मागचे दिवे, इंडिकेटर आणि क्रमांकपट्टी झाकली जाण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र चार फुटी ट्रेलरच्या पुढे आडवी ठेवलेली पावणेदोन मीटरची सायकल दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत बाहेर येते. त्या टोकांना लाल-पांढरी परावर्तक पट्टी बांधावी आणि आरशातून ती टोके दिसतील अशी आरशांची मांडणी करावी.

दिवाडीला फेरीबोटीने जाणार असाल, तर मागे कॅरिअर नसल्याचा लाभ तेथेही होईल. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार आणि बोटीची त्यावर टेकणारी फळी यांच्यामध्ये जो कोन होतो, त्यात मागे लांब बाहेर आलेली कोणतीही वस्तू जमिनीला घासते. ट्रेलरचे मागचे पायटेकू (मुक्कामात जमिनीवर टेकवायचे आधार) वर घेतलेले आहेत ना, तेवढे पाहून घ्यावे.

पेडल आणि पाऊलवाट (मडगाव)

चर्चा वाचून एक प्रश्न पडला. प्रवासात कॅबिनमध्ये कोणी बसत नाही, बसूही नये. मग तेवढी मोठी, झाकलेली, कुलूप लागणारी आणि बरोबर ॲक्सलवर असलेली जागा रिकामी का ठेवावी? सायकली आत ठेवल्या तर वारा, पाऊस आणि चोरी या तिन्हींची काळजी मिटते आणि वजनही खाली राहते. आम्ही गाद्या गाडीच्या मागच्या आसनावर घेतो आणि कॅबिनच्या तळावर जुनी ताडपत्री अंथरून सायकली आत उभ्या करतो. पुढचे चाक काढून, आसन खाली करून आणि हँडल वळवून ठेवले की सायकल पुष्कळ लहान होते.

डिस्क ब्रेक असल्यास चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लास्टिकची अथवा पुठ्ठ्याची जाड पट्टी सरकवून ठेवावी. तिच्याविना कोणाचाही हात ब्रेकच्या मुठीवर पडला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसवता येत नाही. साखळी आतल्या बाजूच्या लाकडाला लागणार नाही अशा रीतीने सायकल वळवावी, आणि सायकली एकमेकींना बांधण्याऐवजी प्रत्येक सायकल तळावरच्या कडीला स्वतंत्रपणे बांधावी. आत बांधायच्या आहेत म्हणून ढिलाई चालत नाही, कारण जोराचा ब्रेक लागला की सुटी सायकल पुढची भिंत फोडू शकते.

रानवाट (डिचोली)

सर्वांचे ऋण मानतो. दोन्ही सूचना लगेच करून पाहिल्या.

बांबूच्या परीक्षेत असे दिसले की पुढची सायकल हिचच्या फार जवळ येत होती. गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन साधारण ३५ अंशांच्या पुढे गेला की बांबू गाडीच्या कोपऱ्याला टेकत होता. तो २० सेंटीमीटर मागे, कॅबिनच्या जवळ सरकवला, तेव्हा कोन ४५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत काही लागले नाही. म्हणजे सायकलींचा मध्य ॲक्सलपासून १.८ ऐवजी १.६ मीटरवर येईल. गाडीचा मागचा दरवाजा पूर्ण उघडण्यासाठी मात्र हिच सोडावी लागेल. ते आम्हांला चालण्यासारखे आहे.

कॅबिनचा बाजूचा दरवाजा ६० सेंटीमीटर रुंद आहे. त्यातून मोठी सायकल चाक काढूनही आत घेता येत नाही, परंतु मुलांच्या दोन्ही सायकली सहज जातात आणि बिछान्याच्या फळ्या उचलल्यावर ॲक्सलवरच उभ्या राहतात. त्यामुळे छतावरचा कॅरिअर बनवूच नये, असे आता वाटते. तरफ यांनी या मांडणीचा हिशेब एकदा तपासावा, ही विनंती. आणि घाटात ट्रेलर झुलू लागलाच, तर काय करावे, तेही सांगावे.

तरफ (फोंडा)

ही मांडणी माझ्या सूचनेपेक्षा सरस आहे. पुढे ३६ किलो १.६ मीटरवर, म्हणून हिचवर २३ वाढतात. पाणी मागे घेतल्याने १२ कमी होतात. मुलांच्या सायकली ॲक्सलवर असल्याने हिचला त्यांचे वजन कळणारही नाही. एकूण हिचवर ५१ किलो, ट्रेलर ३९६ किलोंचा, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. छतावर काहीच नसल्यामुळे गुरुत्वमध्य होता तेथेच राहतो, आठ किलोंचा कॅरिअर वाचतो आणि प्लायवुडला हात लावावा लागत नाही. भावाला माझ्याकडून सांगा की छताची कल्पना वाईट नव्हती, आपल्या ट्रेलरला तिची गरज उरली नाही एवढेच.

दांड्यावर दोन सायकली ठेवताना एकीचे हँडल डावीकडे आणि दुसरीचे उजवीकडे करावे, म्हणजे हँडल आणि पॅडल एकमेकांत अडकत नाहीत. चाके खाली पन्हाळीसारख्या पट्टीत टेकलेली असावीत आणि वरून चौकटीला धरणारा एक आधार असावा. चौकटीला लटकवलेली सायकल अशा ताठ पाट्यांच्या ट्रेलरवर सतत झुलते आणि घासते. बाजारात कारसाठी मिळणाऱ्या अनेक मागच्या कॅरिअरच्या सूचनापत्रात ते ट्रेलरवर वापरू नयेत असे याच कारणासाठी लिहिलेले असते. रबरी दोऱ्यांवर विसंबू नये. रॅचेटचे पट्टे घ्यावेत आणि त्यांचे मोकळे टोक गाठ मारून बांधावे, कारण वाऱ्यात फडफडणारे टोक रंगही घासते आणि हळूहळू पट्टाही सैल करते.

झुलण्याविषयी. ट्रेलर झुलत असल्याचे जाणवताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ, घट्ट धरून ठेवावे. झोक्याच्या उलट दिशेने स्टिअरिंग फिरवण्याचा मोह आवरावा, कारण आपली प्रतिक्रिया नेहमी अर्धा क्षण उशिरा पोहोचते आणि झोका वाढवते. वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढण्याचा सल्ला काही जण देतात, तो धोकादायक आहे. जोराने ब्रेकही दाबू नये. वेग आपोआप उतरू द्यावा. घाट उतरताना मुळातच खालचा गिअर घ्यावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत आणि मागून ट्रेलर ढकलत असताना वेग आवाक्यात राहतो. सपाट रस्त्यावरही ताशी साठच्या पुढे जाऊ नये, असे मी सुचवीन.

दोन्ही टायरांवरची भारक्षमता आणि हवेचा दाब पाहून घ्यावा. कमी हवेचा टायर बाजूला लवचीक होतो आणि सगळा हिशेब बरोबर असूनही ट्रेलर झुलवतो.

लोखंडकाम (साखळी)

नवा रंग दिलेल्या पाईपवर आवळलेला यू-बोल्ट पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरांत नक्की सैल होतो, कारण खालचा रंग दबतो. आवळण्याच्या जागी रंगाचा पातळच हात ठेवावा, आणि डिचोलीहून निघालात की फोंड्याला थांबून सगळे नट पान्याने पुन्हा आवळावेत. त्यानंतर मडगावला एकदा हात लावून पाहावा. पाईप कापण्यापूर्वी कॅरिअरचे रेखाचित्र येथे टाकले, तर त्रिकोणी पट्ट्या कोठे हव्यात ते खुणा करून देतो.